आखाडा पिच आणि भारतीय बॅटिंग

आखाडा पिच म्हणजे पाणी कमी मारलेली, कोरडी खेळपट्टी, जिथे पहिल्या दिवसापासूनच बॉल वळायला लागतो. भारताने 2013 पासून घरी सलग 18 टेस्ट सिरीज जिंकल्या त्यात अश्विन-जडेजा जोडीचा आणि असल्या पिचेसचा वाटा मोठा होता, पण हळूहळू आपलेच बॅट्समन त्यावर अडकायला लागले आणि शेवटी 2024 ला न्यूझीलंड 3-0 ने जिंकून गेलं.

त्यातलं बंगळुरूचं 46 ऑलआऊट फास्ट बोलर्सनी केलं होतं, ते इथे धरायचं नाही. खरा प्रकार पुण्यात झाला. मिचेल सँटनर बंगळुरूत टीममध्येसुद्धा नव्हता, टेस्टमध्ये त्याने कधी एका डावात 5 विकेट काढल्या नव्हत्या, त्याने गहुंजेला 53 रन्समध्ये 7 आणि नंतर 6 काढल्या, कोहली तर फुलटॉसवर बोल्ड झाला. याच मैदानावर 2017 ला ऑस्ट्रेलियाच्या ओकीफने दोन्ही डावांत 35 रन्स देऊन 6-6 काढल्या होत्या आणि आपण 105 आणि 107 वर आटोपलो होतो, तरी धडा घेतला नाही. मग वानखेडेवर 147 हवे होते, 121 झाले, त्यातले 64 एकट्या पंतचे, आणि मॅचमध्ये 11 विकेट घेणारा एजाझ पटेल मूळ मुंबईतच जन्मलेला.

खूप वळणारा बॉल बहुतेक वेळा बॅटला चुकवून जातो, विकेट घेतो तो न वळणारा, कारण बॅट्समन वळेल म्हणून खेळतो आणि पॅडवर खातो. पूर्वी पुढचा पाय टाकून पॅडने अडवता यायचं, डीआरएस, म्हणजे अंपायरचा निर्णय रिप्लेवर तपासून घ्यायची सोय, आल्यापासून ते बंद झालं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पिचच सगळं काम करायला लागली की अश्विनसारखा स्पिनर आणि समोरचा साधा स्पिनर यांच्यातलं अंतर राहत नाही, म्हणजे आपली ताकद आपणच वाटून टाकतो. मोठे प्लेअर रणजी खेळत नव्हते हेही आहेच, रोहित आणि कोहली परत उतरले ते थेट जानेवारी 2025 ला.

गोव्यात हा विषय निघाला की दिलीप सरदेसाईंचं नाव येणारच. मडगावात जन्मलेले, मुंबईकडून खेळलेले सरदेसाई स्पिन खेळण्यात फार पक्के, पाय वापरून बॉलपर्यंत पोचायचे. 1965 ला मुंबईत न्यूझीलंडविरुद्धच फॉलोऑननंतर नाबाद 200 केले होते त्यांनी. आज आमची पोरं भातकापणी झालेल्या शेतात टेनिस बॉलवर खेळून मोठी होतात, तिथे फटकेबाजी येते पण सीझन बॉल वळताना हलक्या हाताने कसा दाबायचा ते कळत नाही, त्यासाठी टर्फ विकेटवर भरपूर सराव लागतो आणि तो फार थोड्यांना मिळतो.

नोव्हेंबर 2025 ला कोलकात्यात ईडनवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध परत तेच झालं, 124 चं टार्गेट आणि 93 वर खेळ संपला, त्यांचा स्पिनर सायमन हार्मरच्या मॅचमध्ये 8 विकेट. त्या अख्ख्या मॅचमध्ये फिफ्टी एकच झाली, त्यांचा कॅप्टन बावुमाची नाबाद 55, आणि ती त्याने घाई न करता, बॉल शेवटपर्यंत बघून काढली.