उसाचे वाढे, मुरघास आणि मेंढी : पार्श्वभूमी

मुरघास म्हणजे हिरवा चारा हवाबंद दाबून, आंबवून टिकवलेली वैरण. त्याचा आधुनिक इतिहास साखर उद्योगाला लागून सुरू होतो, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात बीटपासून साखर होऊ लागली, तेव्हा काढणीच्या काही आठवड्यांत पाल्याचे आणि चोथ्याचे ढीग साचत. जर्मनीतील श्टुटगार्ट येथील साखर कारखानदार आडोल्फ रायलेन यांनी १८६० च्या दशकात हा पाला आणि हिरवा मका खड्ड्यांत दाबून टिकवला. फ्रान्सचे ओग्युस्त गोफार यांनी मक्याच्या मुरघासाचे आपले अनुभव १८७७ मध्ये ग्रंथरूपाने मांडले आणि ही पद्धत सर्वदूर पोहोचली. वैरण आम्ल करून टिकवण्याच्या पद्धतीसाठी फिनलंडचे ए. आय. व्हिर्टानेन यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रात १९५०-५१ च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढील दशकांत उसाचे क्षेत्र वाढत गेले, तसा गळीत हंगामात वाढ्यांचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, पूर येऊ लागला. हंगाम संपला की तोच चारा दुर्मीळ होतो. वाढ्यांत साखर पुरेशी असल्याने ते सहज आंबतात. मात्र प्रथिने कमी असतात आणि त्यांतील ऑक्झलेट हे संयुग कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून ते जनावराला पुरेसे मिळत नाही. त्यामुळे केवळ वाढ्यांवर, ताज्या असोत वा मुरवलेल्या, मेंढी पोसता येत नाही. जोडीला डाळवर्गीय चारा, पेंड आणि खनिज मिश्रण लागते.

तरीही मेंढीपर्यंत मुरघास उशिरा पोहोचला, आणि माझ्या मते याचे कारण अज्ञान नसून जगण्याची रीत आहे. माण, खटाव, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यांतील धनगरांचा कळप चाऱ्यामागे फिरतो. तो शेतात बसवला की शेतकऱ्याला लेंडीखत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. खड्डा मात्र एका जागी असतो, आणि अनेक मेंढपाळांकडे तो खणण्यापुरतीही स्वतःची जमीन नसते. चराऊ क्षेत्रे आक्रसत गेल्यावर अर्धबंदिस्त पालनाचा, म्हणजे थोडी चराई आणि बाकी चारा गोठ्यात देण्याचा, विचार पुढे आला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणले, तेव्हा आहाराचा प्रश्न आणखी धारदार झाला. दोन कोकरे पोटात वाढवणारी आणि पाजणारी मेंढी उन्हाळ्यातील चराईवर तग धरू शकत नाही.

अलीकडे हवाबंद पिशव्यांमुळे खड्ड्याची अट सैल झाली आहे. मात्र एक सावधगिरी जुनीच आहे. नीट न दाबलेल्या, हवा शिरलेल्या मुरघासात लिस्टेरिया जिवाणू वाढतो आणि मेंढीला तो विशेष घातक ठरतो : मान वाकडी होते, जनावर गोल फिरते, गाभण मेंढी गाभडते. म्हणून बुरशी आलेला किंवा मातीत मिसळलेला थर मेंढ्यांपुढे टाकू नये. तो वेगळा काढून उकिरड्यात घालावा.