आधी भिंती, मग यंत्रं

घराचं नूतनीकरण काढलं की सगळी चर्चा फरशी, रंग आणि कपाटांभोवती फिरते. पण घराचं ऊर्जा मानांकन सुधारायचं असेल तर खरी कामाची जागा गिलाव्याआड, छतावर आणि खिडकीच्या चौकटीभोवती असते. आणि ती उघडी पडते ती याच थोड्या दिवसांत.

मानांकन वीजबिलाचं नसतं. युरोपात अनेक देशांत घरांना ए ते जी अशी श्रेणी मिळते. ती ठरवताना बहुधा राहणाऱ्यांच्या सवयी ठरावीक धरतात आणि आतलं तापमान राखायला दर चौरस मीटरमागे वर्षाला किती ऊर्जा लागेल, याचा हिशेब मांडतात. त्यामुळे उष्णता गळणाऱ्या घरात कितीही काटकसरीनं राहिलं तरी श्रेणी जागची हलत नाही.

उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते. उन्हाळ्यात ती आत येते, हिवाळ्यात बाहेर पडते. उपाय एकच, वाट अडवायची. ही वाट अडवते ती मुख्यतः हवा, पण स्थिर हवा. मोकळ्या पोकळीत ती फिरू लागते आणि उष्णता वाहून नेते. ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) किंवा थर्मोकोल हवेला बारीक कप्प्यांत कोंडून ठेवतात, एवढंच त्यांचं काम. म्हणून ओल त्यांची वैरी: पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहतं. छत गळत असेल तर आधी ते बुजवा.

थर किती जाड हवा? साधारण 23 सेंटीमीटरच्या विटांच्या भिंतीवर 5 सेंटीमीटर ग्लासवूल चढवलं, तर तिच्यातून जाणारी उष्णता जवळपास तीन चतुर्थांशानं घटते. आणखी 5 सेंटीमीटर चढवलं तर वाचते ती मूळ गळतीच्या फक्त दहा-बारा टक्के. म्हणजे एकाच भिंतीवर जाडजूड थर रचण्यापेक्षा एकही भिंत उघडी न सोडणं शहाणपणाचं. तरीही एकदा परांची बांधलीच आहे, तर थोडी जास्त जाडी घ्यावी. मजुरी फारशी वाढत नाही.

फसगत होते ती सांध्यांवर. घरातून सरळ बाहेर गेलेला बाल्कनीचा काँक्रीट स्लॅब थर भेदून उष्णतेला मोकळा रस्ता देतो. थंडीत तिथला कोपरा गार पडतो, त्यावर बाष्प जमतं आणि बुरशी धरते. ॲल्युमिनियमची चौकटही तशीच; लाकडाच्या हजारपटीहून जास्त उष्णता ती वाहते. मधे प्लॅस्टिकचा तुकडा घातलेली चौकट घ्यावी.

एकेरी काचेऐवजी दुहेरी काच लावली की गळती सुमारे निम्मी होते. दोन काचांमधल्या बाजूला काही नॅनोमीटर जाडीचा चांदीचा लेप आणि मधल्या पोकळीत आर्गॉन वायू असेल तर ती एकेरी काचेच्या पाचव्या हिश्शावर येते. कडक उन्हाच्या ठिकाणी मात्र खिडकीबाहेरची सावली आधी पाहावी. ऊन काचेतून आत आल्यावर आतला पडदा फारसं काही करू शकत नाही.

फटी शोधायला दारात पंखा बसवून घराच्या आत-बाहेर 50 पास्कलचा दाबफरक निर्माण करतात. पॅसिव्ह हाउस या कडक मानकात त्या दाबाला तासाभरात घरातली जास्तीत जास्त 0.6 पट हवा बदललेली चालते. फटी बुजवल्या की हवा खेळती ठेवण्याची सोय मुद्दाम करावी लागते, हे ठेकेदार हमखास विसरतात.

यंत्रं सगळ्यात शेवटी. घराची गरज घटली की लहान यंत्र पुरतं. हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून आत आणणारं यंत्र, एक युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता देतो, पण हे गणित घर फार तापवावं लागत नसेल तेव्हाच नीट जुळतं.

भिंत बंद करण्याआधी प्रत्येक थराचे फोटो काढा आणि मालाची बिलं जपून ठेवा. आत काय आहे याचा पुरावा नसेल तर तपासनिसाला बांधकामाच्या वर्षावरून अंदाज बांधावा लागतो, आणि जुन्या घराच्या बाबतीत तो अंदाज फारच कंजूष निघतो.