कोटेशनच्या टेबलापासून विक्रीप्रमुखपदापर्यंत : पार्श्वभूमी

पंप, बेअरिंग, व्हॉल्व्ह, कटिंग टूल अशा मालाच्या धंद्यात ऑफिस असिस्टंट म्हणून लागलेली बाई वीस-पंचवीस वर्षांनी त्याच कंपनीची विक्रीप्रमुख झाली, अशा बातम्या पुणे-नाशिक पट्ट्यातून आता अधूनमधून येतात. बातमीत जिद्द असते, घरच्यांची साथ असते, आणि ते खरंही असतं. पण या बायका इतक्या उशिरा का पोचल्या, आणि पोचल्या त्यातल्या इतक्या जणी ऑफिसातल्या टेबलावरूनच का आल्या, हे बातमीतून कळत नाही. त्याचं उत्तर बरंचसं रात्रपाळीच्या कायद्यात आहे.

महाराष्ट्रात कारखान्यातला माल गावोगाव नेऊन विकण्याची परंपरा किर्लोस्करांच्या 1903 च्या लोखंडी नांगरापासून सांगता येते. नांगर शेतात चालवून दाखवायचा, मगच शेतकरी विकत घेणार. तेव्हापासून औद्योगिक विक्रेता म्हणजे फिरतीवरचा पुरुष, हे ठरूनच गेलं. पुढे 1962 पासून औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, पिंपरी-चिंचवड, भोसरी, सातपूर, चिकलठाणा वाढले, तरी 1991 पूर्वीच्या सरकारी परवान्यांच्या काळात विक्री म्हणजे निम्मं काम बुकिंगच्या यादीचंच होतं. माल कमी, गिऱ्हाईक रांगेत. विक्रेत्याने तांत्रिक बाजू समजावून द्यावी अशी गरज फारशी नव्हती.

खरी गाठ 1948 सालची. कारखाना अधिनियमाच्या कलम 66 ने स्त्रियांना कारखान्यात सकाळी 6 ते संध्याकाळी 7 एवढ्याच वेळात काम करायला मुभा दिली. राज्य सरकारला ही वेळ थोडी मागेपुढे करता येत होती, पण रात्री 10 ते पहाटे 5 हा काळ कुठल्याही सवलतीच्या बाहेर होता. गिरण्यांमधल्या कष्टकरी बायकांना रात्री राबवून घेऊ नये, हा त्यामागचा हेतू प्रामाणिक होता आणि त्याला जुना इतिहास होता. 1919 चा आंतरराष्ट्रीय करार याच विषयाचा. तो देखरेखीच्या जागेवरच्या स्त्रियांनाही लागू होतो का, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि 1932 साली सहा विरुद्ध पाच मतांनी उत्तर आलं : होतो. म्हणून 1934 च्या सुधारित करारात व्यवस्थापनातल्या स्त्रियांना सूट देण्यात आली. 1948 च्या करारात त्यात जबाबदारीच्या तांत्रिक पदांवरच्या स्त्रियांचीही भर पडली. हा करार भारताने 1950 मध्ये स्वीकारला.

आता आपल्या अधिनियमाचं कलम 64 बघा. देखरेख आणि व्यवस्थापनातल्या माणसांना कामाच्या तासांच्या प्रकरणातून वगळण्याची सोय त्यात आहे, पण स्त्रियांवरच्या रात्रीच्या बंदीचा तेवढा तुकडा मुद्दाम बाजूला काढून ठेवलाय. म्हणजे ज्या वर्षी जग इंजिनिअर बाईला सूट देत होतं, त्याच वर्षी आपण ती नाकारली. इंजिनिअर असो, मॅनेजर असो, बाई म्हणजे संध्याकाळी 7 ला बाहेर. माझ्या मते बायकांच्या औद्योगिक नोकरीवर या एका तरतुदीचा जेवढा परिणाम झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच झाला नाही, आणि त्याबद्दल बोललं मात्र फार कमी जातं.

याचा विक्रीशी संबंध काय, असं कुणी विचारेल. विक्रीवाला काही पाळीत काम करत नाही. पण तो येतो कुठून? ट्रेनी म्हणून शॉपवर, म्हणजे कारखान्यात मशीनवर, लागायचं, दोन-तीन वर्षं तिन्ही पाळ्या करायच्या, मशीन ओळखायचं, मग ॲप्लिकेशन (गिऱ्हाइकाच्या कामाला माल कसा वापरायचा ते बघणारा विभाग) किंवा सर्व्हिसला जायचं आणि तिथून सेल्सला. दुसरी पाळी सुटायलाच मध्यरात्र होते. जिला दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत ठेवता येत नाही तिला ट्रेनी म्हणून घ्यायला कंपन्या तयार नसत. 1974 साली पुण्याच्या मोटार कारखान्याच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं आणि एका विद्यार्थिनीने (पुढच्या सुधा मूर्ती) थेट उद्योगसमूहाच्या प्रमुखांना, जे. आर. डी. टाटांना, पोस्टकार्ड टाकलं, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ती एकटी आत गेली. दार उघडायला अजून बराच वेळ होता.

ट्रायलचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्याच मशीनवर माल चालवून दाखवण्याचं, उदाहरण घ्या. कटिंग टूल विकणारा इंजिनिअर नवे इन्सर्ट (टूलला बसवायची, झिजली की बदलायची पाती) घेऊन गिऱ्हाइकाकडे जातो. पहिल्या पाळीत मशीन मिळत नाही, कारण दिवसाचं डिस्पॅच अडलेलं असतं. प्रॉडक्शनवाले सांगतात, रात्री या, तिसऱ्या पाळीत गॅप देतो. मग रात्री उभं राहून शे-दोनशे जॉब (मशीनवर कापायचे भाग) काढायचे, इन्सर्टच्या एका धारेवर किती जॉब निघाले ते मोजायचं, सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागलेला वेळ, लिहायचा आणि पहाटे सुपरवायझरची ट्रायल रिपोर्टवर सही घ्यायची. सही नाही तर ऑर्डर नाही. बाईला पाठवायचं म्हटलं की गिऱ्हाइकाचा पर्सोनेलवाला कायद्यावर बोट ठेवायचा. कलमाची भाषाही तशीच होती : कोणत्याही स्त्रीला कामाला लावू नये किंवा काम करू देऊ नये. ती बाहेरच्या कंपनीची आहे, कारखान्याची कामगार नाही, हा युक्तिवाद वकिलाला सुचेल. रात्री गेटवर उभ्या असलेल्या सिक्युरिटीवाल्याला तो कोण सांगणार?

मग बायका विक्री विभागात शिरल्या त्या मागच्या टेबलावरून. एन्क्वायरीची नोंद, कोटेशन टाइप करणं, ऑर्डर ॲक्सेप्टन्स पाठवणं, डिस्पॅचचा पाठपुरावा. 1991 च्या उदारीकरणानंतर स्पर्धा वाढली तसं हे काम वाढलं आणि त्याला सेल्स कोऑर्डिनेटर असं नाव मिळालं. पगार क्लार्कचा, टार्गेट कागदोपत्री नाही, इन्सेंटिव्ह फिरतीवरच्या माणसाला.

या टेबलाची खरी ताकद एका कटकटीच्या कागदात होती. परराज्यात माल विकला की सवलतीच्या दराने केंद्रीय विक्रीकर लागायचा, मार्च 2007 पर्यंत 4 टक्के, मग 3 आणि जून 2008 पासून 2 टक्के. त्यासाठी गिऱ्हाइकाकडून सी-फॉर्म नावाचा घोषणेचा कागद यावा लागे. तो आला नाही तर फरकाचा कर विकणाऱ्याच्या माथी. त्यामुळे दर तिमाहीला कोऑर्डिनेटर फोन घेऊन बसायची : इंदूर, राजकोट, कोइम्बतूर, लुधियाना. कुठल्या कंपनीत अकाउंट्सचं कोण बघतं, पर्चेसमध्ये नवीन कोण आलं, कुणाचं पेमेंट अडलंय, कुठे नवी प्रॉडक्शन लाइन टाकतायत, हे सगळं तिला फिरतीवरच्या माणसाच्या आधी कळायचं. विक्रीवाला नोकरी सोडून गेला तरी गिऱ्हाईक टिकायचं ते या फोनवरच्या ओळखीमुळे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि सी-फॉर्म जवळजवळ संपला, तोवर या टेबलावरच्या कित्येक जणींना सबंध टेरिटरी, म्हणजे विक्रीचा वाटून दिलेला भाग, तोंडपाठ झाली होती. आज प्रमुखपदावर दिसणाऱ्या बायकांच्या पिढीची शाळा हीच, असं मी ठामपणे म्हणेन.

तिकडे 1983 पासून राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, प्रवेशात मुलींसाठी 30 टक्के जागा आल्या, डिप्लोमा झालेल्या मुली भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांत दिसू लागल्या. त्या टेबलावर आल्या तेव्हा ड्रॉइंग वाचता येत असल्यामुळे गिऱ्हाइकाच्या शंकेचं उत्तर फोनवरच देऊ लागल्या. तिथून फिरतीवर पाठवण्याचा निर्णय बहुतेक वेळा नाइलाजाने झाला : मार्चएंड तोंडावर, एरिया बघणारा राजीनामा देऊन गेलेला, आणि खाती, म्हणजे त्या एरियातली ठरलेली गिऱ्हाइकं, ठाऊक असलेली ती एकटी.

कायदा मागाहून आला. डिसेंबर 2000 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कलम 66 मधली रात्रीची बंदी घटनाबाह्य ठरवली. 2005 मध्ये केंद्राने दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते पुढे गेलं नाही. महाराष्ट्राने 2015 मध्ये सुरक्षा आणि वाहतुकीच्या अटी घालून रात्रपाळी खुली केली. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने कामानिमित्त भेट दिलेली जागाही कामाचं ठिकाण धरली, आणि गिऱ्हाइकाच्या शॉपवर जाणाऱ्या बाईसाठी हे कलम सगळ्यात मोलाचं आहे. 2020 च्या टाळेबंदीत सगळ्यांचीच फिरती थांबली. व्हिडिओ कॉलवर ड्रॉइंग उघडून ऑर्डर घेण्याची वेळ आली तेव्हा हे काम आधीपासून कुणाला येत होतं, हे वरच्या साहेबांना प्रथमच दिसलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी स्त्रियांना सर्व प्रकारच्या आस्थापनांत, संमतीने रात्रीही, काम करण्याचा हक्क देशभर दिला.

सध्याचा वाद वेगळ्याच जागी आहे. 2017 मध्ये प्रसूती रजा 12 वरून 26 आठवड्यांची झाली. या सहा महिन्यांत तिची खाती दुसऱ्याकडे जातात, त्याने काढलेल्या ऑर्डरी त्याच्या नावावर चढतात आणि ती परतल्यावर बहुतेक ठिकाणी टेरिटरी जशीच्या तशी मिळत नाही. वर्षाचं टार्गेट मात्र काही कंपन्या रजेच्या प्रमाणात कमी करतात, काही करत नाहीत. कायद्याने नोकरी राखली, पगार राखला, पण खात्यांबद्दल त्यात एक ओळ नाही. एरिया मॅनेजरपासून रीजनल मॅनेजरपर्यंतच्या टप्प्यावर बायका गळतात त्या इथे, आणि विक्री विभागांच्या धोरणात हा मुद्दा लेखी स्वरूपात अजून क्वचितच आढळतो.