खोलातले खडक वर येतात तेव्हा वरच्या कवचाचे काय होते?

केनियातील सुस्वा परिसरात मार्च २०१८ मध्ये मुसळधार पावसानंतर जमिनीत एक लांबलचक घळ पडली आणि ‘आफ्रिका दुभंगली’ अशा मथळ्यांखाली तिची छायाचित्रे जगभर फिरली. आजही ती अधूनमधून कुणी ना कुणी पुढे पाठवतेच. पूर्व आफ्रिका ताणली जात आहे हे खरे, परंतु ती घळ मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेचे भुसभुशीत थर पाण्याने वाहून गेल्यामुळे उघडी पडली असावी, असे मत अनेक भूवैज्ञानिकांनी तेव्हाच मांडले होते. सीतेला पोटात घेणारी धरणी आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की, कवच ताणले गेले म्हणजे त्याला भेग पडून खालचे काहीतरी उसळून वर येणार, असेच आपण गृहीत धरतो. वीस-पंचवीस किलोमीटर खोलीवर घडलेले रूपांतरित खडक अशा भेगेतून वर येत नाहीत. त्यांच्या डोक्यावरचे कवच एका तिरप्या प्रस्तरभंगावरून, म्हणजे खडकाचे दोन ठोकळे ज्यावर एकमेकांना घासत सरकतात अशा तडावरून, बाजूला ओढले जाते आणि भार कमी होत जाईल तसतसे ते उचलले जातात.

साधारण ३०० अंश सेल्सियस तापमानापर्यंत क्वार्ट्झयुक्त खडक ठिसूळ वागतो, म्हणजे ताण असह्य झाला की तडकतो. त्याहून तप्त झाल्यावर तोच खडक घन राहूनही अतिशय सावकाश ओघळू शकतो. खंडीय कवचात ही सीमा बहुधा दहा ते पंधरा किलोमीटर खोलीवर असते. खोलातल्या खडकाला पृष्ठभाग गाठायचा तर ही सीमा ओलांडून संपूर्ण ठिसूळ पट्टा पार करावा लागतो.

हे आज चाललेले पाहायचे तर पापुआ न्यू गिनीच्या आग्नेय द्वीपकल्पावरील डेमन पर्वताकडे जावे. तेथे वुडलार्क हे छोटे भूपट्ट ऑस्ट्रेलियन भूपट्टापासून उत्तरेकडे दूर सरकत आहे आणि त्यासाठी लागणारी बरीचशी हालचाल माइइउ नावाच्या प्रस्तरभंगावर होते. जीपीएसच्या मोजमापांनुसार तिचा वेग वर्षाला १ सेंटीमीटरच्या आसपास आहे. हाच वेग टिकला तर दहा लाख वर्षांत दहा किलोमीटर. डेमनची गुळगुळीत, घुमटाकार पाठ नुसत्या नद्यांनी कोरलेली नाही. ती मुळात खालच्या ठोकळ्याचा वरचा पृष्ठभाग, म्हणजे उघडा पडलेला प्रस्तरभंगच आहे, आणि त्यावर सरकण्याच्या दिशेने धावणारे प्रचंड पन्हाळीसारखे उंचवटे आहेत. घुमटातला खडक एके काळी समुद्रतळाचा बेसाल्ट होता. तो खोल गाडला जाऊन रूपांतरित झाला आणि पुन्हा वर आला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा सागरी चुनखडकही उत्तरेकडे मंद कललेल्या अशाच प्रस्तरभंगावर बसलेला आहे. मात्र तेथील हालचाल एक कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी थांबली असल्यामुळे, तेथे घटना नव्हे, तिचे अवशेष अभ्यासावे लागतात.

अडचण अशी की, पाठ्यपुस्तकातल्या नियमाप्रमाणे माइइउ हलायलाच नको. स्कॉटिश भूवैज्ञानिक अर्नेस्ट मॅसन अँडरसन यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, कवच ताणले जाते तेव्हा गुरुत्वाचा भार उभ्या दिशेने सर्वाधिक असतो आणि खडक क्षितिजाशी सुमारे ६० अंशांचा कोन करून तुटतो. आपल्या शाळेतल्या खचदऱ्या आणि गट पर्वत याच हिशेबात बसतात. नेहमीच्या खडकांचे घर्षण लक्षात घेतले, तर असा प्रस्तरभंग ३० अंशांहून सपाट झाल्यावर अडकून बसावा आणि त्याऐवजी शेजारी नवा, तीव्र उताराचा प्रस्तरभंग तयार व्हावा. माइइउ जमिनीतून बाहेर पडतो तो जेमतेम २० अंशांच्या आसपास.

याचे मला सर्वांत आवडणारे उत्तर असे की, तो खोलात एवढा सपाट नाहीच. खडक वर येताना वाकतो. वरचा ठोकळा बाजूला सरकला की खालच्या ठोकळ्यावरचा भार कमी होतो, समस्थायित्वामुळे (ओझे उतरलेली होडी पाण्यावर उचलली जावी तसा) तो तेथे वर उचलला जातो, आणि त्याच्यावरचा प्रस्तरभंगही त्याच्याबरोबर आडवा होत जातो. दुकानाचे शटर वर ढकलताना प्रत्येक पट्टी ताठच राहते, वळण जागच्या जागी असते आणि पट्ट्या एकामागून एक त्यातून जातात. ताठ पट्ट्यांचे शटर वळते ते केवळ सांध्यांमुळे. पृष्ठभागाजवळ पोहोचलेला थंड खडकही लवू शकत नाही, म्हणून त्याला सांधे स्वतःच पाडून घ्यावे लागतात. बहिर्वक्र वाकताना त्याची वरची बाजू ताणली जाते आणि तिला सरकण्याच्या दिशेशी आडवे असे छोटे प्रस्तरभंग पडतात; किंवा खडकाचे उभे काप एकमेकांना घासत थोडे थोडे खाली-वर सरकतात आणि त्या सगळ्यांची बेरीज वाकल्यासारखी दिसते. यांपैकी कोणता प्रकार प्रबळ ठरेल, हे वाकणाऱ्या पट्ट्याची जाडी आणि ताकद यांवर अवलंबून असते. डेमनच्या माथ्यावर हा पृष्ठभाग आडवा होतो आणि पलीकडच्या अंगाला चक्क उलट, दक्षिणेकडे कलतो. खालून आलेला खडक एवढा फिरलेला आहे.

वरच्या ठोकळ्याची तऱ्हा वेगळी. प्रस्तरभंगाचा अगदी वरचा, सपाट झालेला भाग अडकला की खालून एक नवा, अधिक उभा फाटा वरच्या ठोकळ्याला छेदून जमिनीवर निघतो. मधली पाचर मूळ ठोकळ्यापासून सुटते, खालच्या ठोकळ्याला चिकटते आणि त्याच्या पाठीवर बसून पुढचा प्रवास करते. डेमनवरचा ग्वोइरा हा असाच स्वार झालेला तुकडा आहे. त्याच्यातले गाळाचे थर साचले तेव्हा आडवे होते, त्यामुळे थर आणि प्रस्तरभंग यांच्यातला कोन मोजला की प्रस्तरभंगाचा मूळ उतार कळतो. तो ४० अंशांहून अधिक निघतो, म्हणजे अँडरसन यांच्या हिशेबात चालण्याजोगा.

तरीही २० अंशांचा तुकडा आज हलतोच आहे, आणि त्याचे उत्तर प्रस्तरभंगातल्या हातभर जाडीच्या भरडीत, म्हणजे घासून भुगा झालेल्या खडकात, सापडते. अशा ठिकाणचा नमुना हातात घेतला तर त्यात खडकाचा सगळा प्रवास दिसतो: खोलात ओघळताना पडलेल्या बारीक समांतर रेघा, त्यांना छेदणारे तडे, तड्यांत भरलेला कोनाकोनांचा चुरा आणि सर्वांत शेवटी बोटांना गुळगुळीत लागणारी माती. माइइउच्या भरडीत सॅपोनाइट नावाचे मॅग्नेशियमयुक्त मातीखनिज आहे. नेहमीच्या खडकांचा घर्षणांक ०.६ ते ०.८५ असतो, सॅपोनाइटचा त्याच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे सपाट उतारही त्याला पुरतो. परंतु हे खनिज थंड आणि उथळ भागातच टिकते. त्याच्या खाली काही किलोमीटर जाडीचा जो ठिसूळ पट्टा उरतो, तेथे खडक अडकून ताण साठवू शकतो.

याच परिसरातल्या गुडइनफ उपसागराच्या किनाऱ्यावर समुद्राबाहेर आलेले प्रवाळांचे कट्टे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात. जमीन एकसारख्या संथ गतीने उचलली गेली असती तर अशा ठळक पायऱ्या क्वचितच तयार झाल्या असत्या, म्हणून त्यांचा अर्थ मोठ्या भूकंपांतले झटके असा लावला जातो. ते भूकंप कोणत्या अमावास्येला झाले याची यादी करणारे निघतीलच, परंतु त्यांच्या तारखा प्रवाळांच्या किरणोत्सारी कालमापनातूनच मिळतात.