लोकअभिरक्षकांचा कार्यभार व खटल्यांची मर्यादा

ऐपत नसलेल्या आरोपीच्या बचावासाठी सार्वजनिक खर्चाने नेमलेल्या वकिलाकडे म्हणजे लोकअभिरक्षकाकडे किती काम सोपवावे, हे ठरविण्याच्या रीती आणि त्यांतून निघालेली प्रमाणे यांचा हा विषय आहे. खटल्यांची संख्या आणि कार्यभार एक नव्हेत. संख्या दप्तरातून काढता येते. कार्यभारात प्रत्येक खटल्याला लागणारे तास येतात, आणि हे तास कोणी व कसे ठरवायचे याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

संज्ञा : ‘लोकअभिरक्षक’ हा प्रतिशब्द महाराष्ट्रात बहुधा २०२२ नंतर, नव्या योजनेबरोबर रूढ झाला. विधिविषयक मराठीत ‘अभिरक्षा’ म्हणजे ताबा, आणि ‘अभिरक्षक’ हे संग्रहालयातील अधिकाऱ्याचेही पदनाम आहे. त्यामुळे बचाव करणाऱ्यासाठी हे नाव किंचित विजोड वाटते. ‘बचावाचा वकील’ हा जुना शब्द अधिक नेमका होता. बोलण्यात ‘सरकारने दिलेला वकील’ असे म्हणतात, तेव्हा तो आणि सरकारी वकील म्हणजे अभियोक्ता यांची गल्लत होते.

१९७३ ची प्रमाणे : लोकअभिरक्षक या कल्पनेचा उगम अमेरिकी मानला जातो. क्लारा फोल्ट्झ या महिला वकिलांनी १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ती मांडली. पहिले कार्यालय १९१४ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यात सुरू झाले. गिडियन विरुद्ध वेनराइट (१९६३) या निकालाने गंभीर गुन्ह्यातील गरीब आरोपीला वकील पुरविणे राज्यांवर बंधनकारक ठरले आणि कामाचा लोंढा आला. फौजदारी न्यायाची मानके ठरविणाऱ्या राष्ट्रीय सल्लागार आयोगाने १९७३ मध्ये एका वकिलाला वर्षाकाठी १५० गंभीर गुन्हे, किंवा ४०० किरकोळ गुन्हे, किंवा २०० बालगुन्हेगारीची प्रकरणे, किंवा २०० मनोरुग्णविषयक प्रकरणे, किंवा २५ अपिले अशी कमाल मर्यादा सांगितली. यातील ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. ही बेरीज नव्हे. मिश्र काम असेल तर ७५ गंभीर आणि २०० किरकोळ प्रकरणांत मर्यादा संपते. दुय्यम लेखनात हा ‘किंवा’ पुष्कळदा गळतो.

हे आकडे आले कोठून, यावर बरेच लिहिले गेले आहे. कायदेविषयक मदत देणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेतील अनुभवी वकिलांच्या शिफारशी आयोगाने उचलल्या, हे सामान्यतः मान्य आहे. त्यांमागे वेळेची पाहणी नव्हती. काहींच्या मते हा जाणकारांचा अंदाज असल्याने त्याला वजन आहे. इतरांच्या मते त्या काळच्या तडजोडीलाच मानकाचे रूप मिळाले. दुसरे मत अधिक पटणारे आहे, कारण सरसकट राष्ट्रीय आकडा देण्यातील धोका खुद्द आयोगाच्याच भाष्यात कबूल केलेला आहे. पुढे आकडे टिकले, कबुली विसरली गेली. मोबाइलचे तपशील, सीसीटीव्हीचे चित्रण, डीएनए अहवाल यांपैकी काहीही त्या हिशेबात नव्हते.

वेळेची पाहणी आणि डेल्फाय पद्धती : वकिलांनी दररोज मिनिटे नोंदवायची आणि त्यांची सरासरी काढायची, ही सरळ रीत. तिच्यातील दोष असा की, ओझ्याखालचा वकील खटल्याला जेवढा वेळ देऊ शकला तेवढाच मोजला जातो. द्यायला हवा होता तो निसटतो. म्हणून रॅंड या अमेरिकी संशोधनसंस्थेत विसाव्या शतकाच्या मध्यास घडलेली डेल्फाय पद्धती जोडली गेली. जाणकार स्वतंत्रपणे तास सांगतात, इतरांची एकत्रित उत्तरे पाहतात आणि आपला आकडा पुन्हा तपासतात. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील २०१४ चा अभ्यास या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा. रॅंड व सहकारी संस्थांच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासात २००५ ते २०२२ मधील १७ अभ्यास तपासून ३३ जाणकारांच्या मंडळाने तास ठरविले : खुनाच्या खटल्यास २४८, मध्यम गंभीर गुन्ह्यास ५७, अगदी किरकोळ गुन्ह्यास १३.८. वर्षाचे २,०८० तास धरता खुनाचे फक्त ८ खटले एका वकिलाच्या वाट्याला येतात. २,०८० म्हणजे ४० तासांचे ५२ आठवडे. त्यात एकही सुटी नाही. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये आपल्याकडील मर्यादा दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने खाली आणण्याचा आदेश दिला.

भारत : संविधानातील अनुच्छेद ३९-क (१९७६ ची ४२ वी दुरुस्ती), होस्कोट (१९७८) व हुसैनारा खातून (१९७९) हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ यांवर मोफत बचावाची रचना उभी आहे. अधिनियमात कोणाला वकील द्यायचा हे कलम १२ सांगते. एका वकिलाला किती खटले द्यायचे याचा आकडा त्यात नाही. खटलानिहाय मानधनावरच्या पॅनेल वकिलांच्या जोडीला २०२२ च्या योजनेने पूर्णवेळ मुख्य, उपमुख्य व साहाय्यक लोकअभिरक्षक आणले. त्यांना खासगी वकिली करता येत नाही, त्यामुळे त्यांचे तास मोजणे प्रथमच शक्य झाले. न्यायाधीशांच्या कामाला खटल्याच्या प्रकारानुसार भार देण्याची पद्धत इम्तियाज अहमद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तात्पुरती स्वीकारली. बचावाच्या वकिलासाठी तिचा विचार होणे स्वाभाविक आहे. वेळेला थेट हात घालणारा निकाल अनोखीलाल (२०१९) : जन्मठेप वा फाशीच्या शक्यतेच्या खटल्यात न्यायमित्र (न्यायालयाने साहाय्यासाठी नेमलेला वकील) म्हणून नेमायचा वकील किमान १० वर्षे वकिली केलेला असावा आणि तयारीसाठी त्याला सामान्यतः किमान ७ दिवस मिळावेत.

नाशिक : एका फिर्यादीत पाच आरोपी असतील तर खटला एक धरायचा की पाच, रिमांडच्या वेळची दहा मिनिटांची हजेरी स्वतंत्र मोजायची की नाही, जामीनअर्ज मूळ खटल्यात धरायचा का, असे प्रश्न कोठल्याही गणनेत येतात. नाशिक जिल्ह्यात त्यांत अंतराची भर पडते. जिल्ह्यात १५ तालुके असून सत्र न्यायालयीन काम नाशिकसह मालेगाव व निफाड येथेही चालते. मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या (सीबीएस) जिल्हा न्यायालयापासून १९२७ चे नाशिकरोड मध्यवर्ती कारागृह आठ-दहा किलोमीटरवर, तर मालेगाव शंभरएक किलोमीटरवर आहे. जाणे, फाटकावरची नोंद, कच्चा कैदी मुलाखतीला येईपर्यंतची वाट, परत येणे यांत चार तास धरले, तर पाच भेटींचे २० तास होतात. म्हणजे अमेरिकी हिशेबातील अगदी किरकोळ गुन्ह्याच्या संपूर्ण बचावाहून अधिक. रोजनाम्यात यातले काही उमटत नाही. तेथे ‘आरोपीतर्फे वकील हजर, पुढील तारीख’ एवढीच ओळ असते, आणि राष्ट्रीय न्यायिक माहिती जाल (एनजेडीजी) या खटल्यांच्या संकेतस्थळावरही खटल्याचे वय दिसते, वकिलाचे तास नाहीत.

भाषेचा वेळ वेगळा. सुरगाणा-पेठ भागातील कोकणा बोलणारा, बागलाणातील अहिराणी बोलणारा किंवा मालेगावातील उर्दूभाषक आरोपी घटनाक्रम सांगतो तेव्हा पंचनाम्याच्या मराठीशी तो ताडून पाहावा लागतो. ‘सांजच्याला’ म्हणजे दिवेलागणीला की त्याआधी, यावर कधी कधी ओळख पटविणाऱ्या साक्षीदाराचा सगळा उलटतपास अवलंबून असतो.