बेवड आणि जप्ती

हरभऱ्याचा बेवड, म्हणजे त्याच जमिनीत आधी घेतलेले पीक, गव्हाला मानवतो, हे आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेला शेतकरीही जाणतो. मात्र ‘कडधान्याची पाने हवेतला नत्र (नायट्रोजन) ओढून जमिनीत सोडतात’ हे त्याचे सर्रास दिले जाणारे स्पष्टीकरण साफ चुकीचे आहे. बेवडाचा फायदा पुरेपूर कळला, पण त्याचे कारण कळण्याची सोयच ज्या काळी नव्हती, अशा काळातला एक माणूस मला यासंदर्भात नेहमी आठवतो.

सर रिचर्ड वेस्टन (१५९१–१६५२) हा सरे परगण्यात गिल्डफर्डजवळच्या सटन प्लेस या इस्टेटीचा मालक. तो धर्माने कॅथलिक होता आणि इंग्लंडमधल्या यादवीत राजाच्या बाजूचा, त्यामुळे संसदेने त्याची मालमत्ता जप्त केली आणि त्याला आजच्या बेल्जियममधले फ्लँडर्स गाठावे लागले. अँटवर्प आणि घेंटच्या परिसरातील शेतकरी रेताड माळावर आधी जवस, मग सलगम आणि पुढे ओटमध्येच क्लोव्हर हे चाऱ्याचे पीक पेरतात, जमीन पड ठेवत नाहीत, हे त्याने तेथे पाहिले. जमीन हातची गेलेल्या या बापाने मुलांना वारसा म्हणून या शेतीचे टिपण लिहून ठेवले. लंडनमधल्या सॅम्युअल हार्टलिब या अभ्यासकाने ते १६५० मध्ये लेखकाच्या नावाविना छापले.

क्लोव्हर म्हणजे आपल्याकडच्या बरसीम या चारापिकाचा सख्खा भाऊबंद. त्याची मुळे फ्लॅव्होनॉइड जातीची रसायने मातीत सोडतात. ती ओळखून रायझोबियम जिवाणू आपला रासायनिक संकेत पाठवतात आणि मुळावरचा केस आकड्यासारखा वळून त्यांना कवेत घेतो. तेथून एका बारीक नळीवाटे ते आत शिरतात आणि मुळावर गाठ धरते. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असला, तरी त्याच्या रेणूतील दोन अणूंना बांधणारा तिहेरी बंध तोडणे महाग पडते: जिवाणूंमधल्या नायट्रोजिनेज या विकराला (एन्झाइमला) एका रेणूचा अमोनिया करण्यासाठी एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रसायनाचे किमान १६ रेणू खर्चावे लागतात, आणि त्यासाठी लागणारी साखर वनस्पती पुरवते. खरी मेख पुढेच आहे. हे विकर ऑक्सिजनने निकामी होते, तर एटीपी तयार करायला जिवाणूंना ऑक्सिजनच हवा असतो. ही कोंडी गाठीतले लेगहिमोग्लोबिन हे प्रथिन फोडते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचा हा नातलग ऑक्सिजन धरून ठेवतो आणि मोजूनमापून देतो. म्हणूनच जिवंत गाठ नखाने फोडली की आतून लालसर दिसते. असा मिळवलेला नत्र प्रथम वनस्पतीच वापरते. मुळे आणि धसकटे कुजल्यावर तो मातीला मिळतो, आणि दाण्यातला तर पोत्यात भरून बाहेरच जातो. क्लोव्हर जनावरे खात व त्यांचे शेण शेतात परत येई, म्हणून त्याचा नत्र मातीला अधिक लाभे.

वेस्टनच्याच काळातला, राजाच्याच बाजूचा केनेल्म डिग्बी हा इंग्रज सरदार व्हिट्रिओलची (धातूच्या सल्फेटची) पूड जखमेऐवजी रक्ताळलेल्या पट्टीला लावून जखम बरी होते, असे सांगत असे. त्या वेळच्या मलमांपेक्षा जखम नुसती स्वच्छ ठेवणेच बरे असल्याने गुण आलाही असेल, श्रेय मात्र पुडीला गेले. कारण न कळता गुण येणे ही वेस्टनचीही गोष्ट आहे. फरक एवढाच की त्याचा क्लोव्हर कोणीही पेरून पाहू शकत होते.

नत्र वायू म्हणून ओळखला गेला १७७२ मध्ये, आणि गाठींमुळे तो पिकाला मिळतो हे हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने जाहीर केले १८८६ मध्ये. क्लोव्हरचे कोणतेही रोप उपटले असते, तर वेस्टनला त्या गाठी दिसल्याच असत्या. त्याच्या मृत्यूनंतर २७ वर्षांनी मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले, तेही रोगट फुगवटे समजून.