गार असणे आणि गार लागणे : हिवाळ्यातील चामड्याचा सोफा आणि रेक्झीनचा सोफा

डिसेंबरच्या उत्तरार्धात येऊरच्या डोंगराकडून पहाटेचा वारा घोडबंदर रस्त्यालगतच्या इमारतींपर्यंत पोहोचू लागला, की ठाण्यातल्या आमच्या मानपाड्याच्या घरी बाबा वर्तमानपत्र घेऊन सोफ्यावर बसण्याआधी आईला हाक मारतात, “अगं, ती गोधडी दे आधी, लेदर फार गार पडलंय.” वस्तुतः आमचा सोफा लेदरचा नाही, रेक्झीनचा आहे. खऱ्या चामड्याचा सोफा नवी मुंबईत खारघरला ताईकडे आहे आणि जानेवारीतल्या सकाळी तिच्याकडेही हेच वाक्य ऐकू येते. दोन वेगळ्या वस्तूंबद्दल एकच तक्रार होत असेल, तर त्या तक्रारीचे मूळ नेमके कशात आहे हे नीट पाहायला हवे. सोफा घेताना दुकानात मिळणारा सल्ला याच प्रश्नावर सर्वाधिक गोंधळलेला असतो. एक विक्रेता सांगतो की अस्सल लेदर थंडीत गार पडत नाही, फक्त रेक्झीन पडते. शेजारच्या दुकानातला सांगतो की लेदर बर्फासारखे होते, त्यापेक्षा लेदरेट, म्हणजे रेक्झीनच, घ्या. माझ्या मते दोघेही चुकीच्या कसोटीवर बोट ठेवतात.

आधी नावांचा गुंता सोडवू. जनावराचे कातडे कमावून, म्हणजे ते कुजू नये अशी प्रक्रिया करून, जे तयार होते ते चामडे. कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावले जाते, तर सोफ्यासाठी लागणारे मऊ चामडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. पण दोन्हींचा गाभा एकच, कोलॅजेन या प्रथिनाच्या एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचा. रेक्झीन हे मुळात इंग्लंडमधील एका कंपनीच्या कापडाचे व्यापारी नाव होते. त्या कापडावर नायट्रोसेल्युलोज या प्लास्टिकसारख्या द्रव्याचा थर चढवलेला असे. ती रीत मागे पडली, परंतु नाव आपल्या बोलण्यात कायमचे रुजले. आज आपण ज्याला रेक्झीन म्हणतो ते विणलेल्या कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन (पीयू) या प्लास्टिकचा थर असलेले कृत्रिम कापड असते. दुकानदार त्यालाच लेदरेट, आर्ट लेदर, पीयू लेदर अशी नावे देतात आणि त्या नावांतला ‘लेदर’ हा शब्दच पुढच्या सगळ्या गैरसमजांना कारण होतो.

आता गारव्याकडे वळू. मराठीत आपण ‘फरशी गार आहे’ असे म्हणतो आणि ‘फरशी गार लागते’ असेही म्हणतो. थंडीतल्या पहाटे यांतले दुसरे वाक्य नेहमीच खरे असते, पहिले मात्र बहुतेक वेळा खरे नसते. रात्रभर बंद असलेल्या खोलीतील शहाबादी फरशी, लाकडी पाट, पितळी तांब्या, सोफा आणि त्यावर टाकलेली गोधडी या सगळ्यांचे तापमान सकाळपर्यंत जवळपास सारखेच झालेले असते. तरीही तांब्याला हात लावताच आपण दचकतो आणि गोधडी ओढून घेतो, कारण त्वचेला वस्तूचे तापमान कळत नाही. त्वचेतून उष्णता किती वेगाने निघून जाते आहे एवढेच तिला कळते. हा वेग त्वचा आणि वस्तू या दोन्हींच्या उष्णतावाहकतेवर, घनतेवर आणि उष्णता साठवण्याच्या क्षमतेवर अवलंबून असतो.

थोडे आकडे घेतले तर हा मुद्दा हाताला लागतो. खोलीत 18 अंश सेल्सिअस तापमान आहे आणि तळहाताची त्वचा 33 अंशांवर आहे असे धरू. ढोबळ गणिताने, सोफ्याच्या स्टीलच्या पायाला हात लावल्याक्षणी स्पर्शाच्या जागी तापमान 20 अंशांच्या आसपास उतरते. सुती गोधडीला लावला तर ते 31 अंशांच्या जवळ राहते. चामड्याच्या बाबतीत उत्तर साधारण 29 येते आणि साध्या, भरीव थराच्या रेक्झीनच्या बाबतीत 28 ते 29. म्हणजे स्टील आणि गोधडी यांच्यात अकरा अंशांचे अंतर आहे, तर चामडे आणि रेक्झीन यांच्यात जेमतेम अर्ध्या-एक अंशाचे. याचे कारणही साधे आहे. दोन्हींची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला 0.15 वॅटच्या आसपास असते, स्टेनलेस स्टीलची त्याच्या सुमारे शंभर पट असते, आणि सैल विणीच्या कापडात अडकलेल्या हवेमुळे कापडाची वाहकता चामडे-रेक्झीनच्या निम्म्याहूनही कमी भरते. पहिल्या स्पर्शाला गार लागण्याच्या बाबतीत चामडे आणि रेक्झीन ही जवळपास सख्खी भावंडे आहेत. खरा वेगळा गट आहे तो कापडी सोफ्याचा.

एवढेच नव्हे, तर कधी कधी हा निकाल लोकांच्या समजुतीच्या उलटही लागतो. अनेक कृत्रिम कापडांत वरचा थर आणि खालचे कापड यांच्यामध्ये बारीक बुडबुड्यांचा फुगवलेला थर असतो. त्या बुडबुड्यांतली हवा उष्णता अडवते. दुसरीकडे, सोफ्याचे चामडे डाग पडू नयेत म्हणून बहुधा रंगाच्या आणि प्लास्टिकसारख्या पॉलिमरच्या लेपाने झाकलेले असते, आणि लेप जितका गुळगुळीत व जाड, तितका अंगाचा स्पर्श सलग होऊन गारव्याचा चटका अधिक बसतो. त्यामुळे फुगवलेल्या थराचे साधे रेक्झीन हे जाड लेपाच्या महागड्या लेदरपेक्षा पहिल्या क्षणी उबदार वाटू शकते. याच्या उलट, जवळजवळ लेप नसलेले ॲनिलीन चामडे किंवा वरचा पृष्ठभाग घासून मखमलीसारखा केलेले नूबक चामडे अंगाला सौम्य लागते, कारण त्याच्या बारीक लवेत हवा अडकून राहते. सोफा लेदरचा आहे की नाही, एवढ्या एका उत्तरावरून थंडीतला पहिला स्पर्श सांगता येत नाही. वरचा लेप कसा आहे हे विचारावे लागते.

मग फरक कुठे पडतो? बसल्यानंतरच्या अर्ध्या तासात.

आवरण चामड्याचे असो वा रेक्झीनचे, त्याची जाडी एक ते दीड मिलिमीटरच्या घरात असते आणि त्याखाली फोम असतो, जो स्वतः उत्तम उष्णतारोधक आहे. एवढ्या पातळ थराला तापायला फार उष्णता लागत नाही. दोन-चार मिनिटांत बसण्याची जागा अंगाच्या उबेला येते, आणि इथपर्यंत दोन्ही सोफे बरोबरीने चालतात. पण माणसाच्या त्वचेतून घाम जाणवत नसतानाही दिवसाकाठी साधारण 300 ते 400 मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडत असते. चामड्याचे तंतू ही वाफ शोषून घेतात आणि आपण उठल्यावर हळूहळू परत सोडतात. लोकर ओल शोषताना जशी किंचित ऊब सोडते, तसाच गुण या तंतूंमध्येही असतो. रेक्झीनच्या सलग थरातून वाफ आत जात नाही. ती कपडे आणि सोफा यांच्यामध्ये साचते. बाबा चहा आणायला उठतात आणि दोन मिनिटांनी परत त्याच जागी टेकतात, तेव्हा त्यांना जो ओलसर गारवा लागतो तो या साचलेल्या, उडून जाऊ लागलेल्या ओलीचा असतो. ताईच्या सोफ्यावर पहिला चटका बसतो, पण हा दुसरा गारवा लागत नाही. माझ्या लेखी दोन वस्तूंमधला खरा भेद हाच आहे. मात्र चामड्यावरचा लेप जितका जाड, तितका हा गुणही दबतो, हे विसरता येणार नाही. चामड्याच्या व्यापारातील आंतरराष्ट्रीय परिभाषेत 0.15 मिलिमीटरपेक्षा जाड लेप असलेल्या मालाला नुसते लेदर न म्हणता लेपित लेदर म्हणतात, ते काही उगाच नाही.

आपल्याकडची थंडी कशी असते याचाही इथे विचार व्हायला हवा, कारण सोफ्यांविषयीचा बराचसा सल्ला आपल्याकडे बर्फ पडणाऱ्या देशांतून आलेला आहे. मुंबईतल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवरचे सर्वांत कमी तापमान 22 जानेवारी 1962 रोजी नोंदले गेले, ते 7.4 अंश. एरवी जानेवारीतले सरासरी किमान तापमान तिथे 16-17 अंशांच्या आसपास असते. येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या डोंगराकडच्या सेक्टरांमध्ये पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते खरी, पण त्याच दिवशी दुपारी पारा 30 अंशांच्या वर गेलेला असतो. म्हणजे ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोफ्याला एकाच दिवसात पहाटेचा गारवा आणि दुपारचा घाम या दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पहाटेच्या परीक्षेत दोघांना जवळपास सारखे गुण मिळतात. दुपारच्या परीक्षेत रेक्झीन उघड्या पोटऱ्यांना चिकटते आणि चामडे, विशेषतः कमी लेपाचे, त्यातून बरेच सुटते.

थंडीने आवरण ताठ होणे हा आणखी एक भाग आहे आणि पुष्कळदा लोक ताठपणालाच गारवा समजतात. पीव्हीसी मुळात कडक असते. त्यात मऊपणासाठी तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात आणि तापमान उतरले की त्यांचा परिणाम कमी होतो. म्हणून सकाळी रेक्झीनच्या उशीवर बसताना ती किंचित ताणलेली, करकरणारी वाटते. शून्याखालच्या थंडीत असे कापड तडकू शकते, आपल्याकडच्या 16 अंशांत तसे होत नाही. आपल्याकडे रेक्झीनचे पोपडे निघतात ते थंडीमुळे नसून दमटपणामुळे : अनेक प्रकारच्या पॉलियुरेथेनच्या रेणूंमधले दुवे हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतात, आणि पावसाळ्यात सुरू झालेले हे काम हिवाळ्यात ताठ झालेल्या घडीवर उघडे पडते, एवढेच. आमच्या सोफ्याच्या हाताचा पहिला पोपडा जानेवारीत निघाला आणि घरातल्या सगळ्यांनी त्याचा दोष थंडीला दिला. मीही तेव्हा तोच दिला होता, म्हणून हे इथे मुद्दाम लिहिते. फोमच्या बाबतीतही एक लहानसा फरक आहे. साधा फोम आपल्या थंडीत फारसा बदलत नाही, मेमरी फोम मात्र गार झाला की घट्ट होतो आणि अंगाच्या उबेने पुन्हा सैलावतो.

चामडेही थंडीत थोडे ताठ होते, कारण ते मऊ राहावे म्हणून तंतूंमध्ये जिरवलेली चरबीयुक्त द्रव्ये गारठ्याने घट्ट होतात. यावर आपल्याकडचा घरगुती उपाय म्हणजे खोबरेल तेल चोळणे, आणि तो कृपा करून करू नये. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली गोठते. हिवाळ्यातल्या सकाळी न्हाणीघरातली बाटली आपण कोमट पाण्यात ठेवतो ती याचसाठी. चामड्यात जिरवलेले असे तेल गारठ्यात पृष्ठभागावर येऊन पांढरट साय धरते. ही साय आणि पावसाळ्यातली बुरशी दिसायला इतक्या सारख्या असतात की ताईने एकदा सायीवर बुरशीचे औषध मारून घेतले होते. दोन्ही ओळखण्याची रीत सोपी आहे : केस वाळवण्याच्या यंत्राची मंद, कोमट हवा थोडा वेळ लांबून सोडली तर साय वितळून आत जाते, बुरशी जागेवरच राहते आणि तिला कुबट वास येतो. चामड्याला पोषण द्यायचेच असेल तर त्यासाठी बनवलेले लेदर क्रीम वर्षातून एक-दोनदा, अगदी पातळ, लावावे. रेक्झीनला यातले काहीही लागत नाही. त्याच्या थरात क्रीम जिरतच नाही, ओल्या फडक्याने पुसून कोरडे करणे त्याला पुरेसे आहे.

दुकानात उभे असताना दोघांत भेद कसा करावा, हे थोडक्यात सांगते. हात लावून गारवा पाहणे ही कसोटी नव्हे, हे वर आलेच. तिथल्या एसीत सगळेच सोफे गार लागतात. वासावरही विसंबू नये, कारण चामड्याचा वास कृत्रिम कापडालाही देता येतो. उशीची चेन उघडायला सांगावी आणि आवरणाची आतली बाजू पाहावी : चामड्याच्या मागे विस्कटलेल्या तंतूंची लव दिसते, रेक्झीनच्या मागे विणलेले कापड दिसते. मात्र चामड्याचा चुरा दाबून, त्यावर पॉलियुरेथेनचा थर देऊन केलेल्या बाँडेड लेदरमध्ये ही खूणही फसवू शकते. त्यामुळे पावतीवर मालाचे नाव स्पष्ट लिहून घ्यावे. आणि तपासणी एकाच उशीवर थांबवू नये. बैठक आणि हात चामड्याचे, पण पाठीमागची व बाजूची आवरणे रेक्झीनची, असे सोफे सर्रास विकले जातात. त्यात लबाडी असतेच असे नाही, पण ते आधी सांगितले गेले पाहिजे.

ज्यांच्याकडे सोफा आधीच आहे, त्यांच्यासाठी उपाय दोन्हींना एकच आहे, आणि तो बाबांना केव्हाच ठाऊक होता. अंग आणि आवरण यांच्यामध्ये हवा धरून ठेवणारा थर हवा. जुन्या सुती साड्यांची गोधडी किंवा जाडसर सोलापुरी चादर ते काम उत्तम करते आणि वर घामही शोषते. रेक्झीनवर ती घसरते, म्हणून तिची एक कड पाठीच्या उशीखाली खोचून ठेवावी लागते. सोफा बाल्कनीच्या सरकत्या काचेला टेकलेला असेल तर थंडीचे दोन महिने तो वीतभर पुढे ओढावा, कारण रात्री काच खोलीच्या आधी गार होते आणि सोफ्याची पाठ तिच्याबरोबर गार होत जाते. आमच्याकडे हे दोन्ही केले जाते. बाबांची हाक मात्र अजूनही रोज सकाळी येते, आणि आई गोधडी हातात देताना आता न चुकता म्हणते, “अहो, लेदर नाही ते, रेक्झीन आहे.”